साहेबांची दोन वादळं

समुद्रावर जायचं ठरल्यापासून साहेबांनी घरात पहारे सुरू केले. चार तास जागं राहायचं, चार तास झोपायचं आणि पहारा बदलताना पुढच्या माणसाला परिस्थिती सांगून वहीत सही घ्यायची. रविवारी दुपारी मुलगी जांभया देत स्वयंपाकघरात आली की साहेब ताठ उभे राहून सांगत, "वारा नाही. दूध तापवलंय. मांजर एकदा आलं होतं, हाकललं." मग ती सही करायची. सही मिळेपर्यंत साहेब जागेवरून हलत नसत, आणि साहेब स्वयंपाकघरात उभे असताना तिथे दुसऱ्या कुणाला काही करता येत नसे.

साहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले अभियंते. 'साहेब' हे नाव त्यांना ऑफिसात नव्हे, घरात पडलं होतं, आणि ते बायकोनं ठेवलं होतं. निवृत्तीनंतर पंधरा दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं की घर आपल्यावाचून व्यवस्थित चालतं. नुसतं चालत नाही, आपण मध्ये पडलो की अडखळतं. हे त्यांना फार लागलं. "माझ्यामागे कळेल तुम्हाला," हे वाक्य ते तीस वर्षं पंख्याच्या बटणापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळ्याला वापरत आले होते, पण मागे ठेवून जायची संधी काही येत नव्हती.

ती संधी पोहण्याच्या तलावावर आली. तिथे भेटणारे एक गृहस्थ अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून आता स्वतःची शिडाची बोट बाळगून होते. सगळे त्यांना कप्तान म्हणत. समुद्र ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला जायचं होतं, सव्वीस दिवसांची सफर. बरोबर एक सुतार होता, तिसरा माणूस मिळत नव्हता. साहेब हो म्हणाले. त्यांना समुद्र बघायचा नव्हता. आपण नसताना घर कसं कासावीस होतं ते बघायचं होतं. आपण नसताना ते बघायला आपण असणार कसे, एवढाच विचार राहून गेला होता.

तयारी मात्र त्यांनी जीव ओतून केली. माणशी बारा किलो सामान, असा कप्तानचा नियम होता, म्हणून साहेबांनी दात घासायच्या ब्रशचे दांडे करवतीनं अर्धे कापले. उत्साहाच्या भरात बायकोचा आणि मुलीचाही. गाठींचा सराव कपडे वाळत घालायच्या दोरीवर झाला. त्यातल्या काही गाठी साहेबांनाही सुटेनात, आणि आठवडाभर घरातले टॉवेल खुर्च्यांवर वाळले.

त्यांच्याकडे खास काम होतं ते डब्यांचं. लांबच्या सफरीत हवाबंद डब्यांवरचे कागद काढून टाकतात. ओल लागली की ते सुटतात, त्यांचा बोटीच्या तळाशी लगदा होतो आणि तो पाणी उपसणाऱ्या पंपात अडकतो. म्हणून कागद सोलायचे आणि झाकणावर न पुसणाऱ्या शाईनं लिहायचं: वाटाणे, अननस, मासे. तीनशे बारा डबे साहेबांनी दोन दिवस बसून सोलले. पण चौतीस वर्षं सरकारी कागद सांभाळलेल्या माणसाला ते फेकवेनात. प्रत्येकावर वजन होतं, तारीख होती, कारखान्याचा पत्ता होता. उद्या एखादा डबा खराब निघाला तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? त्यांनी पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधले, पुठ्ठ्याच्या फायलीत घातले, आणि फाईल कुणाच्या पायात येऊ नये म्हणून बोटीच्या फळीखाली सरकवून ठेवली. म्हणजे कागद जिथे जाऊ नयेत म्हणून ते डब्यांवरून काढले होते, बरोबर तिथेच.

निघायच्या दिवशी धक्क्यावर शेजारीपाजारी मिळून बावीस माणसं जमली. साहेबांनी ती मोजली आणि मग छोटंसं भाषण केलं. मुलीच्या हातात त्यांनी 'घरातील नळ, झडपा व त्यांची स्थाने' असं तीन पानी टिपण ठेवलं. मग बायकोकडे वळले.

"झोपताना गॅस बंद करत जा."

"रोज मीच करते."

"तरीपण. आता मी नाहीये."

यावर बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नेमकं कशानं आलं याची चौकशी करायला वेळ नव्हता, पण साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांना धन्य धन्य वाटलं. बोट धक्क्यापासून सुटली. बावीस माणसांनी हात हलवले.

पाच तासांनी सुतार आत चहा करायला उतरला तो घोट्याएवढ्या पाण्यात. पाणी येण्यात विशेष काही नव्हतं, बोटीत थोडंफार येतच असतं. ते बाहेर का जात नाही, हा प्रश्न होता. कप्ताननं फळी उचलली. पंपाच्या तोंडाशी तीनशे बारा कागदांचा एकजीव लगदा बसला होता आणि त्याच्याशी झुंजून मोटर जळून गेली होती. एका चिटोऱ्यावर अननसाचं चित्र अजून स्पष्ट दिसत होतं.

"हे काय आहे?" कप्ताननं विचारलं.

"नोंदी," साहेब म्हणाले.

जन्मभर शहराला पाणी पोचवणाऱ्या माणसाला बादलीनं पाणी उपसायला लावून कप्ताननं बोट मागे फिरवली. मोठ्या धक्क्यावर न जाता ती खाडीच्या आतल्या दुरुस्तीच्या आवारात, सिमेंटच्या गोदामामागे आणून उभी केली. नवी मोटर यायला दहा दिवस लागणार होते. कप्तान आपल्या मुलीकडे राहायला गेला. सुतार घरी गेला, आणि संध्याकाळी बायकोबरोबर बाजारात फिरतानाही दिसला. त्याला काही लाज नव्हती, कारण निघताना त्यानं भाषण केलं नव्हतं.

साहेबांचं घर आवारापासून चालत अर्ध्या तासावर होतं. पण बावीस माणसांनी त्याच दिवशी ज्याला निरोप दिला तो माणूस ओल्या पायजम्यात दारात उभा कसा राहणार? विचारलं तर सांगणार काय, वाटाण्याचे कागद? साहेब बोटीतच राहिले. उपग्रहावरून निरोप पाठवायचं साबणाच्या वडीएवढं यंत्र बरोबर होतं. त्यावर त्यांनी घरी कळवलं: "पहिला दिवस. वारा अनुकूल. किनारा दिसेनासा झाला. सर्वांना आशीर्वाद."

उत्तर लगेच आलं: "काळजी घ्या. घर ओकंबोकं वाटतं."

एकतीस वर्षांच्या संसारात बायकोनं असं काही लिहिलं नव्हतं. साहेबांनी ते चारदा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा उघडला आणि पेन्सिलीनं बोट एकशे वीस मैल पुढे नेली. तिसऱ्या दिवशी डॉल्फिन दिसले. सकाळी डोळ्यांवर टोपी ओढून कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायचा, आवारातल्या नळावर अंघोळ करायची आणि दुपारभर निरोपाचा मजकूर घोटायचा, असा दिनक्रम बसला. चौथ्या दिवशी त्यांनी वादळ आणलं. "लाटा डोलकाठीएवढ्या. शीड फाटलं. सुकाणू माझ्या हाती. कप्तानही चकित." ते लिहिताना गोदामाच्या सावलीत दोन कुत्री झोपली होती आणि खाडीच्या पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती. मुलीनं उत्तर पाठवलं, "बाबा, तुम्ही असे आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं." साहेबांचे डोळे भरून आले. आपल्यामागे कळेल असं ते म्हणत होते, तसं ते कळत होतं.

सहाव्या दिवशी सुतार मोटरची चौकशी करायला आला. बोलता बोलता म्हणाला, माझी पोरं कंटाळली बुवा, तो ठिपका हलतच नाही म्हणतात.

"कुठला ठिपका?" साहेबांनी विचारलं.

"नकाशावरचा. कप्ताननं घरोघरी पाठवलाय ना. दर चार तासांनी बोट कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. तुमच्या घरी नाही बघत?"

सुतार गेल्यावर साहेबांनी सगळे निरोप पुन्हा वाचून काढले. डॉल्फिनच्या दिवशी बायकोनं विचारलं होतं, "जवळ येतात का हो?" वादळाच्या दिवशी लिहिलं होतं, "गरम कपडे घाला." हे सगळं तिनं सिमेंटच्या गोदामामागे स्वस्थ बसलेल्या ठिपक्याकडे बघत लिहिलं होतं. मुलीनंही. त्यांना माहीत नव्हतं असं काहीच नव्हतं.

आता सरळ उठून घरी जाणं, एवढंच शहाणपणाचं होतं. पण साहेबांना कुणीतरी बोलावणं हवं होतं. एक शब्द पुरला असता. त्यांनी लिहिलं, "बोटीत थोडा बिघाड आहे. परत फिरावं लागेलसं दिसतं."

उत्तर आलं: "घाई करू नका. एवढं ठरवून निघालात."

"तब्येत जरा नरम आहे," साहेबांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं.

"समुद्राची हवा चांगली असते म्हणतात. विश्रांती घ्या. इकडची मुळीच काळजी नको," बायकोनं कळवलं. खाली मुलीनं जोडलं होतं, "आणि बाबा, मध्येच सोडून आलात असं कुणी म्हणायला नको."

आठव्या दिवशी दुपारी त्यांना राहवलं नाही. टोपी ओढून ते घरासमोरच्या फुटपाथवर, एका मालमोटारीच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. वरच्या मजल्यावरची खिडकी सताड उघडी होती. ती उघडी ठेवली की धूळ येते, असं ते रोज सांगत. त्यांची खुर्ची खिडकीत ओढली होती आणि तिच्यात बायको पाय वर घेऊन बसली होती. मुलगी तिला मोबाईलवरचं काहीतरी वाचून दाखवत होती. बायको हसत होती. डोळे पुसून पुन्हा हसत होती. ती इतकी हसते हे साहेबांना ठाऊक नव्हतं. अर्धा तास ते उभे राहिले, मग मालमोटार निघून गेली आणि आडोसा संपला, तेव्हा खाडीकडे चालू लागले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि सगळ्यात वाईट याचं वाटलं की घर खरोखरच छान दिसत होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी कप्तानला फोन केला. माझ्या घरी तो ठिपका दिसायला नको, म्हणाले. कप्ताननं समजावलं की त्यांचं नाव यादीतून काढता येईल, पण शेवटचा ठिपका आहे तिथेच दिसत राहील, गोदामामागे.

"राहू दे. बसा म्हणावं बघत," साहेब म्हणाले.

मोटर आली, बसली. अकराव्या दिवशी सकाळी बोट पुन्हा निघाली. या वेळी धक्का नव्हता, माणसं नव्हती. आवाराचा पहारेकरी होता, त्याचं लक्ष नव्हतं. निघताना कप्ताननं विचारलं, घरच्यांना परत यादीत घालू का? साहेब नको म्हणाले. खरोखर निघालोय हेही त्यांनी कळवलं नाही. कळवणार काय? घरी पाठवलेल्या निरोपांप्रमाणे ते केव्हाच बाराशे मैल पुढे गेले होते.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला आकाश शिशासारखं झालं, आणि मग वादळ आलं. ते साहेबांनी लिहिलेल्या वादळासारखं अजिबात नव्हतं. सुकाणू कुणी त्यांच्या हाती दिलं नाही. त्यांना आत बसवून, कमरेला दोरी बांधून, हलू नका म्हणून सांगितलं. डबे कपाटं फोडून बाहेर आले आणि वाटाणे, अननस, मासे त्यांच्या अंगावरून इकडून तिकडे धावू लागले. ते तीनदा ओकले. बोट आडवी व्हायची आणि पुन्हा उभी राहावं की नाही याचा जणू विचार करत तशीच थांबायची. वर कप्तान आणि सुतार एकमेकांना ओरडून काही सांगत होते, आणि त्या आवाजात साहेबांना प्रथमच कळलं की कप्तानही घाबरलाय.

त्यांनी खिशातून यंत्र काढलं. अनुकूल वारा, डोलकाठी, आशीर्वाद यांतलं काही सुचेना. त्यांनी लिहिलं: "मोठं वादळ आहे. मला भीती वाटते. तुझी फार आठवण येते. मी तुम्हाला उगाच छळलं. माझं चुकलं." मग आडवे पडून ते उत्तराची वाट बघत राहिले. आता बुडालो तरी चालेल, पण आधी उत्तर येऊ दे, असं त्यांना मनापासून वाटलं.

अंधार पडता पडता वारा उतरला. कप्तान भिजलेला, थकलेला खाली आला आणि फळीवर बसला. तेवढ्यात यंत्र वाजलं. बायकोचा निरोप होता.

"मागच्या वादळापेक्षा हे कितीतरी छान जमलंय. शेवटची ओळ वाचून मला तर रडूच आलं. अगदी खरं वाटतं."

साहेबांनी तेही चारदा वाचलं.

"घरी सगळं ठीक?" कप्ताननं विचारलं.

"मजेत आहेत," साहेब म्हणाले, आणि कमरेची दोरी सोडून डबे गोळा करायला लागले.