नेटवर्करावांची शिस्त

"आज संध्याकाळी कायम होऊनच घरी येतो!" बूट घालता घालता नेटवर्करावांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

"मागच्या महिन्यातही हेच म्हणाला होतात," बायको म्हणाली. "डबा घ्या."

पुलांचे नकाशे काढणाऱ्या कंपनीत नेटवर्कराव सर्व्हर सांभाळायचे. कोणी कुठली फाइल उघडायची, कुठल्या प्रिंटरवर छापायचं, सगळं तो सर्व्हर ठरवायचा. पण त्यांच्या आधीच्या माणसाने सगळं मोकाट सोडलं होतं. ज्याला त्याला सगळे दरवाजे उघडे! नकाशेवाले तर साहेबांच्या प्रिंटरवर मुलांचा गृहपाठ छापायचे! साहेब म्हणाले होते, "एवढी शिस्त लावा. शुक्रवारी चारच्या आत मोठ्या पुलाचे नकाशे गेले, की तुमच्या कायम नोकरीच्या पत्रावर सही!"

नेटवर्करावांनी सोपा नियम केला. सर्व्हरवर ज्याच्या नावापुढे विभाग लिहिलाय, त्याचेच हक्क राहतील. बाकीच्यांचे रद्द! त्यांनी ऐटीत बटण दाबलं.

पाचच मिनिटांत साहेब धावत आले. "अहो, सही केलेले नकाशे माझ्या फोल्डरमध्ये आहेत आणि मलाच ते उघडेना!"

साहेबांचा विभाग कोणता? सगळेच! म्हणून नावापुढे कोणताच लिहिलेला नव्हता.

"चुटकीसरशी करतो!" म्हणत नेटवर्कराव बसले. सर्व्हर म्हणाला: आपल्याला परवानगी नाही. हात्तिच्या! स्वतःचा विभाग लिहायला तेही विसरले होते. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा! साडेतीन वाजले होते!

नकाशेवाल्या ताईंनी आपल्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. "सगळे अधिकार असलेलं एकच नाव उरलंय. विभाग, फाटक."

वॉचमनकाका! आधीचा माणूस रोज उशिरा यायचा. सकाळी सर्व्हर सुरू करायचं काम त्याने काकांच्या गळ्यात मारलं होतं आणि सगळे अधिकारही देऊन टाकले होते.

नेटवर्कराव फाटकाकडे पळाले. "काका, मला आत घ्या!"

"आतच आहात की."

"सर्व्हरच्या आत हो!"

"मग असं सांगा ना." काकांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "नाव? कोणाला भेटायचं?"

"सर्व्हरला! काका, पाया पडतो, वीस मिनिटं राहिलीत!"

"नोंद केल्याशिवाय मी साहेबांनासुद्धा सोडत नाही," काका म्हणाले आणि ठळक अक्षरात सगळं लिहून मगच उठले.

चष्मा सावरत, रजिस्टरातली नोंद वेळेसकट जशीच्या तशी सर्व्हरवर एका बोटाने टकटक करत काकांनी आधी साहेबांना आत घेतलं, मग नेटवर्करावांना. अख्खं ऑफिस श्वास रोखून उभं! तीन सत्तावन्नला नकाशे गेले, अठ्ठावन्नला पोच आली. एकच जल्लोष झाला! ताईंनी काकांना मिठीच मारली, साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या पत्रावर सही ठोकली. नेटवर्करावांचे डोळे भरून आले.

"झालो कायम!" त्यांनी बायकोला फोन केला.

"खरंच? थांबा, आईंना सांगते!" तिचा आवाज आनंदाने चिरकला.

पाच वाजता, छाती फुगवून, ते बाकीच्यांचे हक्क परत द्यायला बसले. सर्व्हर म्हणाला: आपल्याला परवानगी नाही.

ते फाटकाकडे धावले. काकांची ड्यूटी संपली होती. दुसऱ्या पाळीच्या वॉचमनने रजिस्टरवर बोट ठेवलं. "तुम्हाला साडेचारपर्यंतच सोडलं होतं. आता काका सोमवारी."

"अहो, पण मी आता कायम झालोय!"

"असाल हो साहेब," वॉचमन म्हणाला, "पण इथे काकांनी 'पाहुणा' लिहिलंय."