किसनभाऊ आणि अकामा

तामसी गावचे किसनभाऊ कोणालाही भेटले की नमस्काराआधी विचारतात, “अकामा हाय का?”

अकामा म्हणजे आखाती देशात राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. किसनभाऊंनी तिकडे अकरा वर्षे काढली, त्यांतली बरीचशी विनापरवाना. तेव्हापासून कागदावाचून कोणी जगू शकते यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला मांडवातच हा प्रश्न केला. एकदा कलेक्टर कचेरीच्या आवारात मोकाट बैल शिरला, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, “याचा कफील कोण? कोणीच नाई? मंग हा खल्लीवल्ली.” कफील म्हणजे परवाना काढून देणारा मालक आणि त्याला सोडून निघालेला मजूर आपल्या लोकांच्या तिकडच्या बोलीत खल्लीवल्ली.

दर सोमवारी कलेक्टर कचेरीत गाऱ्हाणी ऐकली जातात. त्या दिवशी किसनभाऊ पहिल्या बसने आदिलाबादला येतात आणि माझ्या टेबलाशी बसतात. मी अर्जनवीस आहे. माझी शाळा सातवीत सुटली, भाषा सुटली नाही. माझ्या मसुद्यात वकीलसुद्धा काना-मात्रा बदलत नाहीत. किसनभाऊ मात्र बदलतात. तिकडे अडकलेल्या माणसाच्या घरच्यांना माझ्यापुढे बसवतात आणि मलाच झापतात, “‘पदर पसरून विनंती’ काऊन लिहता? काम करून राह्यला तो, भीक नाई मागून राह्यला.”

गेल्या वर्षी तलमडुगूकडची सुशीलाबाई आली. तिच्या नवऱ्याचा पासपोर्ट तिकडच्या मालकाने दाबून ठेवला होता. तो काम सोडून निघाला, तर मालकाने तो पळाल्याची तक्रार दिली. त्यामुळे त्याला मायदेशीही येता येईना. किसनभाऊ त्या सोमवारी तापाने फणफणले होते. मी एकट्याने मसुदा केला आणि त्यात ‘सदरहू इसम फरार असून’ असे लिहिले. निजामाच्या अमलापासून कचेरीत मानाने नांदलेला शब्द आहे तो.

पंधरवड्यात सुशीलाबाईच्या दारात एक शिपाई उभा राहिला. फरार इसम कुठे लपवला, म्हणून त्याने ज्वारीच्या कडब्यात काठी खुपसून पाहिली. परमुलखात अडकलेल्या त्या माणसासाठी सरकारने तोवर घेतलेला हा एकमेव शोध होय.

किसनभाऊ माझ्यावर धावून आले. “अर्जनवीस साहेब, तुमी त्याले चोर केलं!”

“शब्द कायदेशीर आहे,” मी म्हणालो.

“मंग तुमीच जा तिकडं आन् ऱ्हा कायदेशीर!”

सुशीलाबाई मध्ये पडली. “भाऊ, शब्द कोणताई लिहा. माझा माणूस आणा.”

मी नवा अर्ज लिहिला: ‘पासपोर्ट हिरावल्यामुळे अडकून पडलेला मजूर’. माझ्या कारकिर्दीत दाखल अर्जातून मी खोडलेला पहिला शब्द म्हणजे ‘फरार’. किसनभाऊ तो कागद घेऊन हैदराबादेला तीनदा गेले, आखातातल्या आपल्या वकिलातीला फोन लावून लावून त्यांनी तिथल्या माणसांना जेरीस आणले. आठ महिन्यांनी सुशीलाबाईचा नवरा परतला आणि जोडीने आम्हाला भेटायला आला.

किसनभाऊंनी त्याला हळूच विचारले, “तिथं दिगंबर नावाचा कोणी भेटला का? भुवईवर खूण हाय.”

“नाई, भाऊ.”

“बरं. चहा घे.”

ते दोघे गेल्यावर मी विचारले, दिगंबर कोण?

“लहान भाऊ. मीच नेलं होतं त्याले. मंग माफी निघाली, बिनाअकाम्याच्या लोकायले घरी जाऊ देत होते. तो दूरच्या कामावर होता. मले वाटलं, तो मागून येईन. मी एकलाच रांगेत उभा राह्यलो.”

इतक्या सोमवारी त्यांनी माझ्याकडून इतक्यांचे अर्ज लिहून घेतले होते. त्यांत हे नाव कधी आले नव्हते. मी कोरा कागद पुढे ओढला. नाव लिहिले, बापाचे नाव लिहिले, गाव लिहिले.

“सध्याचा पत्ता?” मी सवयीने विचारले.

किसनभाऊंनी कागदावर बोट ठेवले.

“तेवढी जागा मोकळी ठेवा,” ते म्हणाले. “बाकीचं लिहा.”