दोन फूट जादा

घरबांधणी कार्यालयातल्या टेपला पहिले दोन फूटच नव्हते. बारा वर्षांपूर्वी ते कुठेतरी तुटून पडले आणि तेव्हापासून नव्या टेपसाठी दर वर्षी एक अर्ज जात असे. आहे तो टेप उरलेल्या अठ्ठेचाळीस फुटांत चालू स्थितीत असल्यामुळे बदलता येत नाही, असं उत्तरही दर वर्षी येई. ते खोटं नव्हतं. दहा फूट आखायचे तर बाराच्या आकड्याशी थांबायचं, एवढंच ध्यानात ठेवावं लागे. बारा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कार्यालयातल्या ड्राफ्ट्समनला बायकोनं दोन किलो कांदे सांगितले तरी तो चार घेऊन येई.

या ड्राफ्ट्समनला नाल्याकाठच्या वस्तीत सगळे 'रेघवाले' म्हणत. माणूस रेघेसारखाच सरळ आणि अंगानंही साधारण तेवढाच. वस्तीतल्या साठ कुटुंबांसाठी नवी घरं बांधायची योजना होती आणि तिचे नकाशे त्यानं काढले होते. वस्तीनं ते दोनदा परत पाठवले. दुसऱ्या बैठकीत कार्यालयाच्या साहेबांचा पारा चढला आणि त्यांनी लोकांना सुनावलं, की अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्यावर शिलाईकाम करणाऱ्या एक ताई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अंथरूण आहे हो साहेब. ते पसरायला जागा कुठाय, तेवढं दाखवा."

वस्तीचा कारभार या ताईंच्या शब्दावर चाले. कागदावर काय, सगळंच मावतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एक घर खऱ्या मापानं जमिनीवर आखून दाखवा, आम्ही त्यात उभे राहून बघतो, पटलं तर सह्या करतो. साहेबांनी हे मान्य केलं, कारण गळ्याशी आलं होतं. त्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत लोकांची संमती मुख्य कार्यालयाला कळली नाही, तर योजना दुसऱ्या गावाला जाणार होती आणि ही साठ कुटुंबं नाल्याकाठीच राहणार होती. ताईंनी दोन अटी घातल्या. संमतीच्या कागदावर 'मैदानात आखल्याप्रमाणे' हे शब्द हवेत, ही पहिली. दुसरी अट रेघवाल्यांसाठी होती.

"साहेब आज आहेत, उद्या बदली होईल. रेघ तुम्ही मारणार," त्या म्हणाल्या. "जेवढं आखाल तेवढंच घर मिळेल, असं तुम्ही सांगा भाऊ. मग आमची हरकत नाही."

रेघवाल्यांनी चारचौघांत शब्द दिला. आयुष्यात त्यांच्याकडे कोणी शब्द मागितला नव्हता, त्यामुळे देताना त्यांना जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी मैदानात चुन्याची फक्की पडली. शिपाई टेपचं टोक धरून उभा राहिला आणि रेघवाले दुसऱ्या बाजूनं आकडे बघत खुणा करत गेले. बाहेरची खोली नऊ बाय दहा, स्वयंपाकघर सहा बाय सात. दारं आणि मोरी फूटपट्टीनं आखली. उघड्या मैदानात ते घर एवढंसं दिसू लागलं आणि साहेबांना धाकधूक वाटली. पण लोक एकेक करून आत शिरले आणि त्यांचे चेहरे बदलत गेले. नवराबायको हात पसरून गोल फिरले, तरी एकमेकांना लागले नाहीत. एका सासूसुनेनं ओटा कुठल्या भिंतीला हवा यावरून भांडण सुरू केलं, म्हणजे घर त्यांनी मनानं घेतलंच होतं. मग ताईंनी शिलाई मशीन आणवलं, कुणाकडून तरी लोखंडी कपाट आणि खाट आली, आणि सगळं मांडून झाल्यावर ताईंचे सासरे आत आले. ते भलते उंच होते. गेली वीस वर्षं ते खाट आणि कपाट यांच्यामध्ये गुडघे पोटाशी घेऊन झोपत होते. त्यांनी जमिनीवर सतरंजी टाकली, आडवे झाले, एक पाय लांब केला, मग दुसरा लांब केला. कुठेच काही लागलं नाही. थोड्या वेळानं ते घोरू लागले.

त्यानंतर सह्यांना वेळ लागला नाही. बारा वाजेपर्यंत साठच्या साठ सह्या झाल्या. साहेबांनी कागदाचा आणि आखलेल्या घराचा फोटो मोबाइलवरून मुख्य कार्यालयाला पाठवला, रेघवाल्यांच्या पाठीवर थाप मारली आणि जेवायला गेले.

रेघवाले खुशीत टेप गुंडाळायला बसले. टेपचं टोक हातात आलं तेव्हा त्यावर त्यांना एक हा आकडा दिसला. त्याच्या पुढे दोन होता. हे आकडे त्यांनी बारा वर्षांत पाहिले नव्हते, त्यामुळे जुने शेजारी अचानक भेटावेत तसे ते क्षणभर त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिले. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हा टेप कुठला?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"नवा आलाय ना, भाऊसाहेब. सकाळीच स्टोअरमधनं घेतला," शिपाई अभिमानानं म्हणाला. "शेवटी अर्ज मंजूर झाला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

रेघवाल्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सवयीनं त्यांनी प्रत्येक मापात दोन फूट वाढवले होते. नऊ बाय दहाची खोली अकरा बाय बारा झाली होती, सहा बाय सातचं स्वयंपाकघर आठ बाय नऊ. लोकांनी सह्या केल्या त्या दीडपट घरावर, आणि ते घर सरकारच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

आता खरं सांगावं तर योजना हातची जाणार होती. गप्प बसावं तर साठ घरं बांधून झाल्यावर ताई इंचटेप घेऊन येणार आणि दारात उभं राहून आपल्याकडे नुसतं बघणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. भित्र्या माणसाला अशा वेळी नेहमी तिसरा मार्ग सुचतो आणि तो नेहमीच सगळ्यात वाईट असतो. वस्ती जेवायला पांगली होती. त्यांनी शिपायाकडून झाडू आणि फक्कीचं घमेलं घेतलं आणि घर गुपचूप लहान करायला सुरुवात केली.

स्वयंपाकघराची भिंत दोन फूट आत आली. कुणाचं लक्ष नव्हतं. मग बाहेरच्या खोलीची मागची रेघ झाडून त्यांनी नवी रेघ एका टोकापासून ओढत आणली आणि निम्म्यावर येऊन थांबले. पुढे सासऱ्यांचे पाय होते. नवी भिंत बरोबर दोन्ही नडग्यांवरून जात होती.

रेघवाल्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षांनी सरळ झालेले ते पाय, अंगठे आभाळाकडे करून, बिनघोर पडले होते. हलकेच उचलून गुडघ्यात मुडपावेत म्हणून ते वाकलेसुद्धा. पण हात पुढे होईना. कागदावर त्यांनी हेच पाय दोनदा कापले होते, तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. ते घमेलं घेऊन तसेच उकिडवे बसले आणि त्यांना रडू यायला लागलं.

"भाऊ, भिंत सरकली का?"

मागे ताई उभ्या होत्या. गळ्यात इंचटेप होता, पण त्यांनी तो काढला नाही. एवढीशी गोष्ट त्यांना नजरेनंच कळत असे.

रेघवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. नव्या टेपचं, दोन फुटांचं, स्वयंपाकघर तर आधीच लहान केल्याचंसुद्धा. त्या ओरडतील म्हणून ते वाट बघत राहिले, पण ताई त्यांच्या शेजारी मातीत बसल्या.

"म्हणजे खरं घर किती?"

"आतली रेघ."

ताईंनी आतल्या रेघेकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या पायांकडे. "आणि तुम्ही शब्द दिलाय बाहेरच्या रेघेचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ती आधी परत काढा. बाकीचं साहेबांना विचारू."

साहेब जेवून तृप्त होऊन परतले आणि पाच मिनिटांत ते जेवण अंगी लागेनासं झालं. ते इतक्या मोठ्यानं बोलले की मैदानाच्या पलीकडची माणसं जमा झाली. रेघवाल्यांची नोकरी, नव्या टेपची खरेदी आणि स्वतःचं नशीब यांचा त्यांनी एका दमात उद्धार केला. संमती रद्द म्हणून कळवावं तर योजना जाते, आणि न कळवावं तर 'मैदानात आखल्याप्रमाणे' हे शब्द त्यांच्याच सहीखाली मुख्य कार्यालयात पोचलेले. आगीतून निघून फुफाट्यात पडायचीही सोय नव्हती, कारण दोन्ही एकदमच लागलं होतं. घड्याळात तीन वाजून गेले होते.

ते बोलत असताना ताईंनी रेघवाल्यांकडून मूळ नकाशा मागून घेतला आणि मशीनवर पसरला. बराच वेळ बघून त्यांनी तळमजल्यावर बोट ठेवलं. तिथे तीस ऐसपैस चौकोन होते.

"ही खालची घरं चांगली मोठी आहेत की," त्या म्हणाल्या. "ही आम्हाला का नाही दाखवली?"

साहेब बोलता बोलता थांबले. "ती घरं नाहीत. गाड्या उभ्या करायची जागा आहे."

"कुणाच्या गाड्या?"

"तुमच्या. दर दोन घरांमागे एक."

आपल्याला गाड्या आहेत ही बातमी लोकांना नवीन होती. हा नकाशा मुळात अधिकाऱ्यांच्या वसाहतीचा होता. तो नव्यानं काढण्याऐवजी साहेबांनी त्यातल्या खोल्या तेवढ्या आवळून घ्यायला सांगितलं होतं. माणसं आकसली होती, गाड्या मात्र तशाच राहिल्या होत्या.

रेघवाल्यांनी कागदाच्या पाठीवर भराभर काहीतरी मांडलं. मग ते बोलू लागले. खाली गाड्या आणि वर दोन मजले, प्रत्येकावर तीस घरं, अशी साठ होतात. खालचा मजलाही घरांना दिला तर तीन मजले होतात, प्रत्येकावर वीस. तेव्हाही साठच, पण प्रत्येक घर दीडपट. भिंती इकडच्या तिकडे कराव्या लागतील, जागा मात्र तेवढीच.

साहेबांनी तो हिशेब दोनदा तपासला. तो बरोबर होता, याचा त्यांना थोडा रागच आला. नियमात बसत नाही, असं ते म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांचा हात फोनकडे गेला होता.

मुख्य कार्यालयातल्या बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. साहेबांनी फोनवर बरंच नमन केलं आणि शेवटी सगळी हकिगत सांगितली. मग बाईंनी सांगितलं, की गाड्यांच्या नियमाला सवलत आहे. आम्हाला गाड्या नाहीत आणि जागा नको, असं रहिवाशांनी लिहून दिलं की झालं. कलम जुनंच आहे. गाड्यांची जागा कमी करा म्हणून आजवर कोणी मागितलंच नव्हतं, त्यामुळे ते कधी वापरलं गेलं नाही. कागद पाचच्या आत हवा.

पुन्हा साठ सह्या गोळा करायच्या होत्या. सगळं सुरळीत चाललं असताना एक फळवाला अडून बसला. त्याची हातगाडी होती. चार चाकं असताना गाडी नाही असं लिहून कसं देऊ, उद्या कोणी विचारलं तर? साहेबांनी त्याला समजावलं, मग विनवलं, मग घड्याळ दाखवलं. माणूस प्रामाणिक असला की फार वेळ खातो. शेवटी जिन्याखाली एका हातगाडीची जागा कागदावर लिहिली गेली, तेव्हा त्यानं सही केली. चार वाजून चाळीस मिनिटांनी कागद गेला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. बाई तीनच शब्द बोलल्या, "मंजूर. कामाला लागा." साहेबांनी फोन खिशात ठेवला, रुमाल काढून मान पुसली आणि रेघवाल्यांकडे बघून पहिल्यांदाच हसले. रेघवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

"चला," साहेब म्हणाले. "ही बातमी मी स्वतः सांगतो."

ताई मशीनवर बसून कुणाचा तरी झगा शिवत होत्या. दिवस फुकट घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. साहेब तरातरा चालत आले, घसा साफ केला आणि फक्कीची भिंत ओलांडायला त्यांनी पाय उचलला.

"साहेब," ताई वर न बघता म्हणाल्या, "दार तिकडनं आहे."

साहेबांचा पाय हवेतच राहिला. त्यांनी मागे वळून रेघवाल्यांकडे पाहिलं, पण रेघवाले केव्हाच वळसा घालून दाराशी पोचले होते आणि चपला काढत होते. मग साहेबही वळसा घालून गेले. वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट रेघेबाहेर जोडीनं ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी उंबऱ्याशी थांबले.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या ना," ताई म्हणाल्या. "फक्त हळू बोला. मामंजी झोपलेत."

आणि साठ घरांची मंजुरी साहेबांनी कुजबुजत सांगितली.