शेवटची नावं वाचणारे परकारभाई

सिनेमा संपून दिवे लागले की परकारभाई खुर्चीत आणखी खोल बसतात आणि शेजारच्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणतात, "बसा." पडद्यावर नावं सरकत असतात. लोक पॉपकॉर्नचे डबे टाकून निघतात, सफाईवाला झाडू घेऊन ताटकळतो, आणि परकारभाई ओठ हलवत, चिडून वाचत असतात. कुणी समोरून गेलं तर, "ओ हबीबी, ज्यांनी काढलं त्यांची नावं तरी बघून जा." त्या माणसाला वाटतं, आपलं काहीतरी खाली पडलं.

परकारभाई माझे शेजारी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका बिल्डिंगमध्ये आमचे दरवाजे समोरासमोर. मूळचे रत्नागिरीकडचे, खोके छापणाऱ्या कारखान्यात डिझाइन विभागाचे प्रमुख. खजुराच्या खोक्यावरचा उंट कुठल्या बाजूला तोंड करून उभा राहील, हे ते ठरवतात. पण ते झालं पोटापुरतं. मनानं ते अमेरिकेत राहतात, आणि तेही मेलेल्या व्यंगचित्रकारांच्या मोहल्ल्यात.

त्यांच्या दिवाणखान्यात या मंडळींची चरित्रं भिंतभर आहेत. कोणी आपलं पात्र तरुणपणी कंपनीला विकून टाकलं आणि म्हातारपणी त्याच पात्राचे टी-शर्ट विकत घेतले, कोणाचे डोळे गेले, कोण दुसऱ्याच्या नावावर उभा जन्म चित्रं काढत राहिला, हे सगळं त्यांना पाठ आहे. आणि ते सांगतात असं, की जणू हे सगळे त्यांचे सख्खे मामेभाऊ होते आणि कालच फसवले गेले.

"धंदा कसा चालायचा, ऐका देसाई," ते मला लिफ्टमध्येसुद्धा सांगतात. "एक पेन्सिलीनं काढतो. दुसरा शाई फिरवतो. तिसरा अक्षरं लिहितो. आणि सही कोणाची? चौथ्याची. तो तेव्हा कुठे असतो?"

"कुठे?"

"गोल्फ खेळायला."

लिफ्टमधला फिलिपिनो शेजारी सातव्या मजल्यावर उतरायचा, तो पाचव्यावरच उतरला.

माझ्या मुलीच्या दप्तरावर एक हसरं अस्वल होतं. परकारभाईंनी तिला त्या अस्वलाच्या बापाची कहाणी सांगितली. दावे, दारू, बेवारस मरण, सगळं. पोरगी त्या वेळी दुसरीत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "डॅडी, कॅन आय टेक द ओल्ड बॅग?"

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या प्रकाशनसोहळ्याचा विषय तर अजून निघतो. स्मरणिकेत अध्यक्षांचा फोटो पानोपानी होता: दीप लावताना, शाल घेताना, शाल देताना, नुसतेच दूर बघताना. हॉलचं भाडं देणाऱ्यापासून समोसेवाल्यापर्यंत सर्वांचे आभार होते. मुखपृष्ठावर एक सुंदर चित्र होतं आणि त्याखाली काहीच नव्हतं. अध्यक्ष 'संस्कृतीचे शिलेदार' या शब्दावर पोचले असताना परकारभाई उभे राहिले.

"हे कव्हर कोणी काढलं?"

अध्यक्ष हसून म्हणाले, "आमच्या टीमनं."

"टीमच्या कुठल्या हातानं?"

त्या वर्षापासून मंडळ त्यांना आमंत्रण पाठवत नाही. ते तरीही जातात.

अशा माणसाची मुलगी चित्रकार झाली नसती तरच नवल. सना इथेच वाढली, बापाची पुस्तकं जमिनीवर पसरून त्यांतली चित्रं गिरवत. मग कॅलिफोर्नियाला शिकली आणि तिथल्याच एका अॅनिमेशन स्टुडिओत तिला पार्श्वभूमी रंगवायची नोकरी मिळाली. परकारभाईंनी पेढे वाटले. मग तिचा करार मागवून वाचला आणि वाटलेले पेढे परत मागायचेच काय ते बाकी ठेवले. तिनं काढलेली प्रत्येक रेघ कंपनीची होणार होती.

"हेच! हेच तर त्यांनी त्या सगळ्यांशी केलं," ते फोनवर ओरडत होते, जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. "तुला काय लोरी म्हणून सांगत होतो मी?"

"अब्बा, एव्हरीबडी साइन्स इट."

तिनं सही केली. बापानं बोलणं टाकलं. त्यानंतर निरोप सनाच्या आईमार्फत, म्हणजे आमच्या भाभींमार्फत. तिच्या हातचं काम संपलं आणि सिनेमा पुरा व्हायच्या आत स्टुडिओनं अर्ध्या विभागाला घरी पाठवलं, त्यात सनाही गेली. ही बातमीसुद्धा त्यांना भाभींकडूनच कळली. त्या दिवशी ते कोणावरच ओरडले नाहीत. तेव्हा मला काळजी वाटली.

सिनेमा इथे लागला. भाभींच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. "सनाला प्रॉमिस केलंय स्टुडिओवाल्यांनी, नाव येणार म्हणून," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही जा यांच्याबरोबर. नाव नीट बघा. आणि यांना भांडू देऊ नका."

रविवारी दुपारचा खेळ. हॉलमध्ये पोरांचा गोंगाट. एक उडतं कासव आपलं बंदर शोधत होतं. परकारभाईंचं कासवाकडे लक्ष नव्हतं. ते त्याच्या मागचं आकाश तपासत होते. शेवटी बंदर आलं. कोरडे, तपकिरी डोंगर थेट पाण्यात उतरलेले, आणि डोंगरांच्या पायाशी क्रेन.

माझ्या मनगटावर हात आला. "हे खोर फक्कान आहे. इथल्या पूर्व किनाऱ्यावरचं."

"कासवाचं गाव आहे हो ते."

"खोर फक्कान आहे. दर शुक्रवारी न्यायचो तिला. मी मासे भाजायचो, ती बसून हे डोंगर काढायची."

दिवे लागले. "बसा," असं त्यांनी या वेळी म्हटलं नाही, मीच बसलो. नावं सरकायला लागली. मोठे साहेब, त्यांचे साहेब, त्यांच्या साहेबांचे वकील. जेवण पुरवणारे. ड्रायव्हर. मग पार्श्वभूमीवाले आले. आम्ही दोघांनी एकेक नाव वाचलं, आणि ते सनाशिवाय निघून गेले. मग तिकडच्या रिवाजाप्रमाणे एक गोड यादी आली: सिनेमा बनत असताना स्टुडिओच्या लोकांना झालेली बाळं. लिआम, ओलिव्हिया, मेसन. ज्यांना अजून पेन्सिल धरता येत नाही, त्यांची नावं त्या पडद्यावर होती. बाळांखाली कोणाचा तरी कुत्राही होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमागृहात शिवी दिली. सफाईवाला आमच्या रांगेपर्यंत आला, तेव्हा परकारभाईंनी नुसते पाय उचलून त्याला झाडू दिलं.

गाडीत बसताच भाभींचा फोन स्पीकरवर आला. "आलं का नाव?"

मी समोर बघत राहिलो. हा माणूस खजुराच्या खोक्यावरसुद्धा खोटं नाव सहन करत नाही.

"आलं," परकारभाई म्हणाले.

"नीट वाचलंत?"

"देसाईंना विचार."

"आलं, भाभी," मी म्हणालो. "चांगलं ठळक."

"अल्लाचा शुकर. मग तिला कळवते."

"थांब. मी करतो फोन."

भाभींनी लगेच फोन ठेवला.

कॅलिफोर्नियात तेव्हा नुकतं उजाडत असावं. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी सनाचा नंबर लावला, आणि पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "अब्बा? इज अम्मी ओके?"

"अम्मी बरी आहे. तुझ्या डोंगराला तपकिरी जास्त झालाय. दुपारचा तो फिका दिसतो, किती वेळा सांगितलं होतं."

पलीकडून बारीक आवाजात, "यू सॉ."

"डोळे आहेत मला. आणि ऐक, अम्मीला सांगितलंय नाव आलं म्हणून. तूही तेच सांगायचं."

"ओके, अब्बा."

"खलास," म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि सिग्नल हिरवा होऊन अर्धा क्षणही झाला नसेल तोच पुढच्या गाडीवर जोरजोरात हॉर्न वाजवायला लागले.