ट्रकला रॅक बसवून मिळणेबाबत

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या कार्यालयाने कधीही नाकारलेली नाही. लोक मात्र आम्हाला ती माहीतच नव्हती असं सांगत फिरतात, म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवतो. मी तेव्हा जलसाधन साहित्य कक्षात कनिष्ठ लिपिक होतो. जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. कार्यालय भाड्याच्या तीन खोल्यांत होतं. खुर्च्या परभणीहून आल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या परभणीने परत मागवल्या होत्या. तरीही एखाद्या अर्जाला आम्ही उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये प्रेमसिंग राठोड यांचा अर्ज आला. आखाडा बाळापूरच्या पुढे माळावर एक तांडा आहे, तिथले ते राहणारे. त्यांच्याकडे एक जुना छोटा ट्रक होता. हिवाळ्यात त्यातून तांड्याची हळद बाजाराला जायची आणि होळीच्या सुमारास विहीर आटली की त्याच ट्रकमधून चार कोसांवरचं पाणी यायचं. आठ निळे ड्रम, दिवसाला दोन खेपा, घरं साठ. रस्ता असा की ड्रम हौद्यात घरंगळायचे आणि निम्मं पाणी वाटेतच सांडायचं. मागच्या उन्हाळ्यात एक भरलेला ड्रम त्यांच्या बायकोच्या, मोतीबाईंच्या पायावर आला होता. त्या अजून लंगडत चालायच्या. अर्जाचा विषय एका ओळीचा होता : ट्रकला ड्रमसाठी रॅक बसवून मिळणेबाबत.

अर्ज चांगला होता. अडचण एवढीच, की पाण्याच्या ड्रमसाठी रॅक बसवून देणारी योजना अस्तित्वात नव्हती. मी दोन दिवस नोंदवह्या चाळल्या. लाभार्थ्याच्या स्वतःच्या गाडीवर शासन लोखंडी रॅक बसवून देतं अशी एकच योजना सापडली : ‘किनारी मासेमारी सुसज्ज वाहन’. तिच्यापुढे कंसात ‘सर्व जिल्हे’ असं छापलेलं होतं. प्रत्येक जिल्ह्यात एक गाडी, एकतीस मार्चच्या आत. हे कंस कोणी टाकले ते मला माहीत नाही, पण छापलेला कंस खोडण्याचा अधिकार कनिष्ठ लिपिकाला नसतो.

मी प्रेमसिंगना बोलावून कागद वाचून दाखवला.

“साहेब, यात मासे काहून आले?”

“मासे आलेले नाहीत,” मी म्हणालो. “फक्त मासेमारी आली आहे.”

“पन रॅक भेटंल ना?”

“शंभर टक्के.”

“मग ऱ्हाऊ द्या मासे. आमाला त्याची काय तकलीफ न्हाई,” ते म्हणाले आणि त्यांनी अकरा ठिकाणी सह्या केल्या.

रॅक बनवायचं काम वारंगा फाट्यावरच्या प्रेमानंद खिल्लारे यांना मिळालं. फाट्यावर ट्रकच्या हौद्याचं काम करणारे बरेच आहेत, पण प्रेमानंद मिस्त्रींनी जोडलेला सांधा पुन्हा उकलत नाही, असं सगळे चालक सांगतात. वरून आलेलं रेखाचित्र मी त्यांच्यापुढे उलगडलं. ते कुठल्यातरी परदेशी किनाऱ्यावरच्या गाडीचं होतं. केबिनच्या मागे बारा उभ्या नळ्या, मधोमध बर्फपेटीची चौकट, डाव्या अंगाला आमिष कापायची फळी आणि चाक वाळूत रुतलं तर काढायला फावडं अडकवायची जागा.

मिस्त्रींनी चित्र उभं धरून पाहिलं, मग आडवं धरून पाहिलं.

“ह्या नळ्यांत काय घालायचं?”

“गळाच्या काठ्या.”

“बारा? अन् मानसं किती?”

“लाभार्थी एक.”

“अन् समुद्र?”

“तो योजनेत नाही. तो लाभार्थ्याकडे आधीपासून आहे, असं शासनाने गृहीत धरलेलं आहे.”

मिस्त्रींनी चित्रातल्या नळ्या बोटाने मोजल्या. मग म्हणाले, “साहेब, लोखंड तेवढंच लागंल. बारा नळ्यांच्या जागी मी आठ गोल कड्या करतो. ड्रम बराबर बसतील, हलनार बी न्हाईत. म्हातारी मानसं तुमाला दुवा देतील.”

सूचना उत्तम होती, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. पण उत्तम सूचनेला वरिष्ठांची मान्यता लागते आणि मान्यता यायला मे उजाडला असता. मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कामाला लागले. काम त्यांनी सुंदर केलं, हे कबूल करायला हवं. एकही नळी केसभर वाकडी नव्हती. शेवटी रेखाचित्रात होता तसा समुद्री निळा रंगही मारला.

ट्रक तांड्यावर गेला तेव्हा आठांपैकी एक ड्रम त्यात बसला, तोही बर्फपेटीच्या चौकटीत. बाकी हौद्यात नळ्या होत्या. प्रेमसिंग दुसऱ्याच दिवशी धावत आले. नळ्या काढून टाकू का, असं विचारू लागले. मी त्यांना त्यांच्याच अकरा सह्यांमधली सातवी दाखवली. तीन वर्षं रॅकमध्ये स्वतःहून कोणताही बदल करणार नाही, अशी ती हमी होती.

याच सुमारास टँकरची यादी आमच्याकडून गेली. कोणत्या वस्तीला उन्हाळ्यात सरकारी टँकर लागेल, याची ती यादी. तिच्यात एक रकाना असतो : वस्तीकडे शासकीय साहाय्यातून मिळालेले जलविषयक वाहन आहे काय? मी प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिलं. त्यामुळे तांड्याचं नाव यादीतून गळालं.

आठवड्याने मोतीबाई स्वतः आल्या. बाळापूरहून बसने आणि बसस्थानकापासून आमच्या कार्यालयापर्यंत लंगडत.

“साहेब, टँकर येऊन राहिला न्हाई.”

“तुमच्याकडे गाडी आहे ना, म्हणून.”

“गाडी हाय. गाडीत पानी काहून न्हाई ते सांगा. लेकरं तहानली तर काय नळ्या चाटू द्यू?”

मी त्यांना बसायला सांगितलं आणि मग लक्षात आलं, की खुर्ची नाही. उभ्याउभ्याच मी त्यांना मार्ग समजावून दिला. गाडीची अंतिम तपासणी एकदा झाली, की रॅकमध्ये दुरुस्ती मागता येते. दुरुस्ती मिळाली की कड्या, कड्या आल्या की ड्रम, ड्रम बसले की पाणी. तेव्हा सगळ्यांनी मिळून तपासणी उरकून घ्यावी, यातच तांड्याचं हित होतं.

“मग उद्याच करा तपासनी,” मोतीबाई म्हणाल्या. “रोज चार कोस जानं अन् चार कोस येनं, या पायानं न्हाई होत आता.”

तपासणीसाठी विभागातून अधिकारी येणार होते. त्यांच्या प्रपत्रातलं सातवं कलम असं होतं : वाहन प्रत्यक्ष किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेजवळील ओलसर वाळूत उभे करून तपासावे. समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडे आणि आमची प्रवासाची परवानगी जिल्ह्याच्या हद्दीपुरती. दिवसभर कोणाला काही सुचेना. संध्याकाळी आमच्या साहेबांनी तोड काढली. वाहन किनाऱ्यावर नेता येत नसेल तर किनारा वाहनाकडे आणण्यास प्रपत्रात मनाई नाही.

कयाधूच्या पात्रातून तीन खेपा वाळू आणली. प्रेमसिंगच्याच ट्रकमधून, बारा नळ्यांच्या मधून पाट्या ओतून. कार्यालयामागच्या सिमेंटच्या अंगणात कडेला विटांची रांग लावून ती पसरली. किनारा छान दिसत होता, फक्त कोरडा होता. ओलसर करायला टँकर हवा होता आणि त्या दिवशी हिंगोलीत एकच टँकर मोकळा होता. तो मोकळा का होता, हे मला ठाऊक होतं, कारण तो रकाना मीच भरला होता. सगळं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहितो. पाइपमधून पाणी वाळूवर पडायला लागलं तेव्हा मला लाज वाटली. मी आत जाऊन नोंद पुन्हा वाचून पाहिली. नोंद बिनचूक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक वाळूवर उभा केला. नळ्यांत बारा बांबू खोचले. अधिकारी आले, त्यांनी नळ्या मोजल्या, फळीवर बोट फिरवलं, चाकाशी वाकून वाळूचा ओलेपणा पाहिला. प्रेमसिंग धुतलेला सदरा घालून हात जोडून उभे होते. तेवढ्यात फाटकातून मोतीबाई आल्या. गाडी आज सुटणार, असं कळल्यामुळे त्या रिकामी घागर घेऊनच आल्या होत्या. म्हणजे जाताना पाणी घेऊनच जायचं.

त्यांनी ओली वाळू पाहिली.

आटलेल्या नदीच्या पात्रात बाया काय करतात, ते आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ओल दिसली की झिरा खणायचा, वाट पाहायची, आणि साचेल तसं वाटीवाटीनं उपसायचं. मोतीबाईंनी कोणाला काही विचारलं नाही. रॅकवरचं फावडं काढलं, चाकापासून हातभर अंतरावर बसून झिरा खणला आणि कमरेची वाटी काढून वाट पाहत राहिल्या. खाली सिमेंट होतं, त्यामुळे कालचं पाणी तळाशी तसंच होतं. ते हळूहळू वर आलं. त्या उपसू लागल्या.

“या कोण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“लाभार्थ्याच्या पत्नी,” मी म्हणालो.

“काय करताहेत?”

“पानी भरून राहिली, साहेब,” प्रेमसिंग हळूच म्हणाले. “टँकरचंच हाय. आमच्याच वाटचं असंल.”

अधिकारी खरोखर हेलावले. त्यांनी प्रपत्राच्या समासात लिहिलं : लाभार्थी कुटुंबाने किनाऱ्याचा प्रत्यक्ष उपयोग सुरू केल्याचे दिसून आले. फावड्याची उपयुक्तता सिद्ध. योजना यशस्वी. गाडी मंजूर झाली. साहेबांनी पेढे मागवले.

पेढे यायच्या आत वाळूचं पथक आलं. कोणीतरी फोन केला होता. पथकप्रमुखांना दिसलं ते असं : विनापावती तीन खेपा वाळू, तिच्यावर उभा ट्रक, हौद्याच्या फटींत वाळूचे कण, आणि फावड्यासह एक बाई खड्डा खणताना.

“ही वाळू नाही,” आमचे साहेब म्हणाले. “हा किनारा आहे.”

“मग किनाऱ्याची पावती दाखवा.”

ती आमच्याकडे नव्हती. पंचनामा झाला. अवैध वाळू वाहतुकीतला ट्रक एक, फावडं एक, नळ्या बारा, उपयोग अज्ञात. घागरीकडेही पथकाने पाहिलं. ती जप्त वाळूतून निघालेल्या पाण्याने पाऊण भरली होती.

“हिला हात लावायचा न्हाई,” मोतीबाई म्हणाल्या. “घागर माझ्या मायनं देल्ती. अन् पानी माझ्या लेकराचं हाय.”

पंचनाम्याच्या छापील यादीत पाणी हा प्रकार नसल्याने ते सोडून देण्यात आलं. मोतीबाई घागर डोक्यावर घेऊन फाटकातून बाहेर पडल्या. पाय ओढत चालत होत्या, पण एक थेंब सांडला नाही. मी हे खिडकीतून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून आणखी एक अर्ज लिहवून घेतला. जप्त केलेली गाडी सोडा, पाणी आणायचं आहे. त्यांनी घडलेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं, मासेमारी, मिस्त्री, किनारा, पावती, आणि मी ते सगळं चांगल्या अक्षरात उतरवलं. अर्ज सहा टेबलांवरून वर गेला. तो उन्हाळा तांड्यावरच्या बायांनी पायी काढला. जुलैत अर्ज परत आला, तेव्हा विहिरीला पाणी आलं होतं. पहिल्या टेबलाने शेरा लिहिला होता : वाचले. गमतीदार आहे. हसू आले. दप्तरी दाखल करावे. पुढच्या पाचांनी त्याखाली ‘सहमत’ लिहून सही केली होती. ट्रक अजून जप्त गाड्यांच्या आवारात उभा आहे. प्रेमानंद मिस्त्रींच्या एकाही सांध्याला काही झालेलं नाही. नळ्यांत चिमण्यांनी घरटी केली आहेत.

तोच अर्ज मी वर थोड्या फरकाने लिहून काढला आहे. तो आता आपल्या टेबलावर आला, आपण वाचलात आणि मला वाटतं दोनचार ठिकाणी हसलातही. खाली शेऱ्यासाठी जागा सोडली आहे. नव्याने काही लिहायची तसदी घेऊ नका, ‘सहमत’ एवढं पुरे. होळी पुढच्या महिन्यात आहे.