जिभेखालची गोळी

औषध चुकीच्या रुग्णाला, चुकीच्या मार्गाने दिलं जाऊ नये म्हणून आमच्या रुग्णालयाने चौदा कलमी नियमावली केली आहे. ती मी लिहिली. तिचं कौतुकही आजवर मीच करत आलो आहे, कारण दुसरं कोणी पुढे आलं नाही.

परवा दुपारी ऑफिसातच माझ्या छातीत कळ आली आणि मला खालच्या वॉर्डात नेलं. बायको धावतपळत आली, दाखवतील तिथे सह्या करत सुटली. डॉक्टर म्हणाले, "जिभेखाली गोळी द्या, लगेच," आणि पुढच्या खाटेकडे वळले.

सिस्टर गोळी घेऊन आल्या आणि हातभर अंतरावर थांबल्या.

"पूर्ण नाव सांगा."

"अहो, तुम्ही ओळखता मला! गेल्याच महिन्यात मेमो दिलाय तुम्हाला."

"तो नाव न विचारल्याबद्दलच होता, साहेब."

नाव झालं, जन्मतारीख झाली, मनगटावरची पट्टी तपासून झाली. कलम नऊप्रमाणे दुसऱ्या सिस्टरची साक्ष हवी होती. त्या प्रशिक्षणाला बसल्या होत्या. तिथे माझंच रेकॉर्ड केलेलं भाषण चालू होतं आणि मधेच उठलं तर गैरहजेरी लागते, हेही माझंच डोकं. त्या येईपर्यंत घामाने पट्टीवरची शाई फिसकटली, म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू झालं. कळ आता हातात उतरली होती आणि मी चांगलाच घाबरलो होतो.

"कोण मूर्ख लिहितो हो असले नियम?" बायको कडाडली.

मी जरा जास्तच मोठ्याने कण्हलो.

अखेर गोळी जिभेखाली गेली. जीव भांड्यात पडतोय तोच सिस्टर म्हणाल्या, "कलम चौदा. औषधाचं नाव रुग्णाने मोठ्याने सांगावं."

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"खुणा चालत नाहीत, साहेब. गोळी काढा, नाव सांगा. मग नवीन मागवू."

"काही काढायची नाही!" बायको म्हणाली.

"मॅडम, नियम वाचले, मान्य आहेत, म्हणून सही केलीय तुम्ही."

"ते वाचतंय कोण!" असं म्हणून बायकोने माझा जबडा दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला, तो गोळी विरघळेपर्यंत सोडला नाही. तिच्यामुळे मी आज जिवंत आहे.

कामावर रुजू होताच मी कलम पंधरा जोडलं: नातेवाइकांनी रुग्णाचा जबडा धरू नये. हरकती मागवल्या होत्या, एकही आली नाही. उद्या तुम्ही आपल्या माणसाला घेऊन याल, तेव्हा नियमावली तुमच्याही पुढे ठेवतील. तुम्ही घाईघाईने विचाराल, "सही कुठे करू?" आणि एवढंच विचाराल.