वाचमनला परत घ्या

अन्याय वाचमनवर झाला आहे. कधी, तेही सांगतो. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला सकाळी, दुकानाची पूजा उरकून सुदामदादांनी नवा कॉम्प्युटर चालू केला तेव्हा. इतक्या वर्षांची नोकरी, आणि ना नोटीस, ना सुनावणी. खिडकीत माणूसच नाही.

हा वाचमन कोण, कुठला, कोणत्या खात्याचा, हे मलाही अजून धड कळलेलं नाही. मढच्या रस्त्यासाठी मी पत्रकं काढली आहेत, एसटीच्या थांब्यासाठी धरणं धरलं आहे. तिथं समोर निदान एक साहेब असायचा. इथं समोर कोण आहे तेच समजत नाही, म्हणून सगळं मुळापासून सांगतो.

सुदामदादा आळेफाट्याला ट्रकचे डायनामो आणि स्टार्टर दुरुस्त करतात. माझ्या सभेच्या लाउडस्पीकरची बॅटरी त्यांच्याकडेच चार्ज होते. मला ते 'पुढारी' म्हणतात. त्यात कौतुक किती, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही. त्यांचं एक पालुपद आहे: "आधी करंट कुठून येतोय ते बघ." डायनामो असो, ग्रामपंचायतीची निवडणूक असो, नाहीतर कुणाची मोडलेली सोयरीक असो, निदान एकच.

या माणसानं आयुष्यात एकच व्हिडिओ गेम खेळला. जुना कॉम्प्युटर घेतला त्याच्याबरोबर ती सीडी आली होती. एक माणूस ओसाड ग्रहावर अडकतो. मारामारी नाही, राक्षस नाही. बंद पडलेली यंत्रं चालू करत जायची आणि शेवटी यानात बसून घरी परतायचं. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. दोघं म्हणजे दादा आणि मंदावहिनी. बाणाची बटणं दाबून त्या माणसाला चालवायचं दादांनी, माउस फिरवून त्याची मान वळवायची वहिनींनी. ग्रहावरच्या दरीला त्यांनी माळशेज म्हटलं, यानाला येष्टी. या येष्टीजवळ एक खोली होती आणि तिच्या मळकट काचेमागं कुणीतरी बसलेलं दिसायचं. वहिनींनी बघताक्षणी ठरवलं की हा वाचमन. रात्रपाळीचा. आणि याला घरून डबा येत नसणार.

तेव्हापासून गेम सुरू केला की आधी खिडकीशी जायचं. वहिनी विचारायच्या, "जेवला का भाऊ?" मग बाकीचं.

गेम मात्र कधी संपला नाही. यान चालू करायचं तर त्या खोलीची लाइट तोडून यानाकडं घ्यावी लागते. तो शेवटचा खटका. वहिनी म्हणाल्या, "त्याला अंधारात ठिवून आपुन घरी जायचं व्हय?" झालं. दोघं मागं फिरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. वर्षानुवर्षं.

मग वहिनी गेल्या. काही दिवसांनी जुना कॉम्प्युटरही बंद पडला, आणि सीडी तर घासून घासून कामातून गेली होतीच. दादा गेमचं नाव काढेनात. हे बघून पुण्याला नोकरीला असलेल्या मुलीनं पाडव्याला नवा कॉम्प्युटर पाठवला. त्यात तोच गेम, कंपनीनं धुऊनपुसून नव्यानं काढलेला. दगडावरचं शेवाळ दिसतं, उडणारी धूळ दिसते. "कलर लई भारी दिलाय," म्हणत दादा थेट खिडकीशी गेले. काच लख्ख. आत हुकाला एक कोट टांगलेला, खाली एक सिलिंडर.

त्यांनी मला बोलावून घेतलं.

"पुढारी, माणूस काढला यांनी."

"दादा, आधीपण कोटच असणार. चित्र धड नव्हतं म्हणून माणूस वाटला."

"मग ती इतकी वर्सं कोटाला जेवला का इचारत व्हती?"

मी खिशातलं पेन काढलं.

मी निवेदन लिहायला बसलो. 'सदर कामगारास पूर्ववत सेवेत घ्यावे' इथवर आलो आणि अडलो. सदर कामगार होता का? नसेल तर काढलं कुणाला? कुणालाच काढलं नसेल तर दादांचं गेलं ते काय? मोर्चा न्यायचा कुठं? कंपनी समुद्रापलीकडं. आळेफाट्याला रास्ता रोको केला तर नाशिकच्या गाड्या अडकणार, त्यांनी काय केलंय? शेवटी मी वैतागलो.

"आत कुणी नाही ना दादा? मग दाबा खटका आणि जा घरी."

"तिनं दाबू दिला नाय. मी कसा दाबू?"

परवा बॅटरी आणायला गेलो. कॉम्प्युटर चालू होता, गेममधला माणूस खिडकीसमोर उभा. नव्या कोऱ्या पडद्यावर, बरोबर त्या काचेच्या जागी, ग्रीसचा डाग. मी रुमाल काढला. दादांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नको राव. मीच लावलाय."

मी वाकून पाहिलं. डागाआडून कोट दिसत नव्हता. खांदे पाडून कुणीतरी बसलं होतं.

"आता जरा बसल्यावानी दिसतोय का नाय?"

"दिसतोय," मी म्हणालो. आणि खरंच दिसत होता, शपथेवर सांगतो.

"फकस्त हलता येत नाय. पाऊल टाकलं का खिडकी सरकती, डाग हितंच ऱ्हातो."

म्हणून त्यांनी तो माणूस पाडव्यापासून तिथंच उभा करून ठेवला आहे. दरी नाही, यान नाही, यंत्रं नाहीत. गिऱ्हाईक नसलं की दादा स्टूल ओढून समोर बसतात. शेजारी दुसरं स्टूल असतं, त्यावर माउस ठेवलेला. दुपारी डबा उघडला की पहिला घास घेण्याआधी हळूच विचारतात, "जेवला का भाऊ?"

निवेदन मी फाडून टाकलं. कंपनीकडं माझं काही मागणं नाही. मागणं तुमच्याकडं आहे. आज घरी जा, माळ्यावर चढा, जुन्या सीड्यांचा डबा खाली काढा. ओसाड ग्रहावर एकटा माणूस उभा आहे असं चित्र कुठल्या सीडीवर दिसलं तर ती आळेफाट्याला सुदामदादांच्या दुकानात आणून द्या. चालते की नाही ते आम्ही बघू. तुम्ही फक्त आणा, कारण तोवर त्यांना त्या खिडकीपासून हलता येत नाही.